‘शाळा’ या शब्दात अक्षरं किती? शाळा व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मुख्याध्यापक गुरुजी आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या बैठकीत तुमच्यापुढे ‘कोडिंग लॅब’चा ठराव येणार आहे. दर मुलामागे वर्षाला 2,500 रुपये, तीन वर्षांचा करार, वीस टॅब आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला रंगीत प्रमाणपत्र. आपल्या पटावर 62 मुलं आहेत, म्हणजे वर्षाचे 1,55,000 झाले. निम्मे पालकांनी भरायचे, निम्मे लोकवर्गणीतून उभे करायचे. हे सगळं बैठकीआधीच मला कसं ठाऊक, असं विचाराल. त्या कंपनीचा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलाय.

स्टँडसमोरचं डीटीपीचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दशक्रियेच्या पत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सगळं तिथंच होतं. कंपनीच्या फ्लेक्सवर चष्मा लावलेलं एक गोरंगोमटं पोरगं आहे. पुढ्यात लॅपटॉप, मागे उडणारं रॉकेट, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आपल्या गावाचा भावी सीईओ’. हे पोरगं आपल्या गावचं नाही. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या फोटोतलं आहे, आणि गेल्या वर्षी मीच त्याला एका दातांच्या डॉक्टरांच्या बॅनरवर हसवलं होतं. फ्लेक्सचे पैसे मी घेतले, पावतीही दिली. ते लपवत नाही. पण तो वाळत घातलेला असताना माझी लेक दुकानात आली, वाचलं आणि म्हणाली, “बाबा, सीईओ म्हणजे काय करतो?” मला नीट सांगता आलं नाही. त्या रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

माझा कॉम्प्युटरला विरोध आहे असं कृपया समजू नका. कॉम्प्युटरवरच माझी चूल पेटते. आपल्या पोरांनी त्यावर चित्रं काढावीत, खेळ बनवावेत, स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी पडद्यावर आणावं, असं मला तुमच्याइतकंच वाटतं. म्हणून तर गेली दोन वर्षं लेकीबरोबर बसतोय. ती आपल्याच शाळेत चौथीत आहे. या दोन वर्षांत काय जमलं आणि काय फसलं ते सांगतो, मग ठरावावर काय करायचं ते तुम्ही ठरवा.

सुरुवात कॉम्प्युटरवर झालीच नाही. ती झाली माझ्या आईच्या रांगोळीवर.

आई फोनवर माझ्या बहिणीला सांगत होती, “15 ते 8, मधी कमळ.” एवढंच. आणि तिकडे इचलकरंजीत बहिणीनं अंगणात ठिपके मांडलेसुद्धा. लेकीला याचं फार नवल वाटलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो (समितीतल्या पुरुष मंडळींपैकी बऱ्याच जणांना नसेलच): मधली ओळ 15 ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली 14-14, मग 13-13, असं उतरत 8 पर्यंत यायचं. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. आम्ही बेरीज केली तेव्हा 169 ठिपके भरले. आईनं ते आयुष्यात कधी मोजले नव्हते. तिला गरजच नव्हती, कारण दोन आकडे आणि ‘दर ओळीला एक कमी’ एवढा नियम तिला पुरतो. प्रोग्रॅमिंगवाले ज्याला लूप म्हणतात ते हेच. थोडक्यात सांगायचं, समोरच्यानं ते तंतोतंत करायचं, आणि आपण तिथं हजर नसलो तरी रांगोळी तीच उमटायची.

मग लेकीनं स्वतः 9 ते 5 घातली. एका बाजूची ओळ सरकली आणि शेवटची पाकळी मिटेना. पोरीनं रडकुंडीला येऊन सगळी रांगोळी पुसायला हात उचलला. आईनं तो धरला. “सगळी नको पुसू. जिथवर बरोबर आहे तिथवर मागं जा.” बोटानं एकेक ओळ तपासत दोघी मागे गेल्या. तिसऱ्या ओळीत एक ठिपका जास्त पडला होता. तेवढाच पुसला. मला दुकानात बसून हे शिकायला दहा वर्षं लागली होती. बॅनर बिघडला की मी सरळ नवी फाइल उघडायचो.

त्यानंतर दुसुतीवरचं भरतकाम झालं. आईच्या जुन्या ट्रंकेत तिनं भरलेला एक पोपट निघाला. जवळून पाहिला तर नुसत्या हिरव्या फुल्या, लांबून पाहिला तर पोपट. मी लेकीला दुकानात नेऊन वाढदिवसाच्या बॅनरवरचा एक चेहरा कॉम्प्युटरवर मोठा मोठा करत नेला. नाकाचे चौकोन झाले. “हे पण दुसुतीच आहे!” असं ती ओरडली. पिक्सेल हा शब्द मी तिला नंतर सांगितला. गणिताच्या चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी चौकटी भरून तिनं आमचं मांजर काढलं. याला खर्च आला एका वहीचा.

आता कॉम्प्युटर. आधी टॅबवर स्क्रॅचज्युनिअर घेतलं. सूचनांचे रंगीत ठोकळे एकापुढे एक जोडायचे की पडद्यावरचं चित्र तसं हलतं, असं ते ॲप. ते पाच ते सात वर्षांच्या पोरांसाठी बनवलेलं आहे आणि त्यातल्या ठोकळ्यांवर वाचायला काही नसतं, बाण आणि चित्रं असतात. पोरगी दुसरीत होती, तेव्हा चाललं. पुढे स्क्रॅच, त्याचाच मोठा भाऊ. ते अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तयार झालं आणि 2007 साली लोकांसाठी खुलं झालं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, आणि आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे. आमच्याकडे ठोकळ्यांवर इंग्रजी शब्द होते. कामापुरते शब्द दहा-बाराच असतात. लेकीनं चिठ्ठ्या करून पडद्याच्या कडेला चिकटवल्या: ‘पुढे चल’, ‘वळ’, ‘परत परत कर’, ‘थांब’, ‘असं झालं तर’. आठवड्यात चिठ्ठ्या गळून पडल्या, तोवर शब्द पाठ झाले होते.

स्क्रॅचच्या पडद्यावर एक मांजर असतं, ठोकळ्यांनी सांगू तसं ते चालतं आणि मागे रेघ काढतं. तिला त्या मांजराकडून त्रिकोण काढून घ्यायचा होता. शेजारच्या सातवीतल्या दादानं सांगितलं, सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा कोन 60. तिनं 60 घातले, तीनदा परत परत करायला सांगितलं. मांजर चाललं आणि पडद्यावर घमेल्यासारखी एक उघडी आकृती राहिली. दादा बुचकळ्यात पडला. खरं सांगतो, मीही. कोरल या माझ्या बॅनर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण एका क्लिकवर मिळतो, तो कसा वळतो याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मग आम्ही तिघं अंगणात गेलो. खडूनं त्रिकोण आखला आणि लेक त्याच्या कडेनं चालायला लागली. कोपऱ्यावर आली, वळली आणि तिथंच थबकली. “बाबा, मी 60 नाही वळले. मी जवळजवळ मागं फिरले.” दादानं कंपासपेटी आणली. सरळ रेघेचे 180, त्यातून आतले 60 गेले, राहिले 120. चालणाऱ्याला कोपऱ्याच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, आपण किती वळलो तेवढंच त्याला कळतं. 120 घातल्यावर त्रिकोण मिटला. त्यावर दादानं विचारलं की मग 60 घालून तीनऐवजी सहादा केलं तर? षटकोन आला. त्या घमेल्याला नुसतं झाकण हवं होतं.

नंतर वाचताना कळलं की ही युक्ती आपली नाही आणि नवीही नाही. 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो नावाची भाषा बनवली. तिच्यात पुढे सांगू तसं चालत रेघ काढणारं एक कासव आलं, आणि मुलांनी स्वतः कासव होऊन पाहायचं, अंग वळवून कोन समजून घ्यायचा, अशी त्यामागची कल्पना. आपल्यापैकी काहींनी इंग्रजी शाळेच्या कॉम्प्युटरवर ते तिकोनी कासव पाहिलं असेल. आपल्याकडे ते ‘एफडी 100, आरटी 90’ (100 पुढे चल, 90 उजवीकडे वळ) अशी पाठांतराची आणि तोंडी परीक्षेची गोष्ट झाली. अंगण कुणी दाखवलं नाही.

आता ज्या शब्दावरून या पत्राचं नाव ठेवलं तिथं येतो.

आईला दुपारी करमत नाही. लेकीनं ठरवलं की आजीशी शब्दांच्या भेंड्या खेळणारं मांजर बनवायचं. आजी शब्द सांगणार, मांजर शेवटचं अक्षर ओळखणार आणि त्या अक्षराचा शब्द देणार. सोपं वाटलं. स्क्रॅचमध्ये शब्दाची लांबी मोजणारा ठोकळा आहे, आणि शब्दातलं कितवं अक्षर हवं ते देणाराही आहे. पहिली चाचणी ‘कमळ’. मांजर म्हणालं ‘ळ’. टाळ्या. (ळ वरून शब्द कुठून आणायचा हा प्रश्न आजीनं लगेच काढला, तो वेगळा.) दुसरी चाचणी ‘शाळा’. लेकीनं गंमत म्हणून आधी लांबी विचारली. मांजर म्हणालं, 4.

“चूक आहे हे. शाळामध्ये दोन अक्षरं आहेत.”

मग शेवटचं अक्षर विचारलं. मांजराच्या तोंडून निघाला नुसता एक काना, ठिपक्यांच्या गोलाला चिकटलेला. त्याला अक्षरच नव्हतं. पोरगी पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसली. मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते अर्धवटच येत होतं. म्हटलं, बघू दोघं. ‘पुस्तक’ घातलं तर 6. ‘आंबा’ 4, शेवटचं अक्षर परत काना. ‘घर’ बरोबर 2. ती वहीत लिहीत गेली आणि अखेर तिला दिसलं: प, ु, स, ्, त, क. कॉम्प्युटरला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, अगदी पाय मोडणारा हलन्तसुद्धा सुटा दिसतो. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते त्याच्या लेखी दोन, तीन, चार तुकडे. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणारी युनिकोड नावाची यादी आहे. तिच्यात देवनागरीसाठी 128 घरांची एक ओळ राखून ठेवलेली आहे आणि त्यातल्या एकेका घरात हे तुकडे बसवलेत. त्यांना जोडून ‘स्त’ असं देखणं रूप द्यायचं काम फॉन्टचं.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “बाबा, ‘क्ष’ लिहून मागचं पुसायचं बटण एकदा दाबलं की ‘क्’ उरतो. म्हणजे ‘क्ष’ मध्ये ‘ष’ लपलाय.” बाईंनी हे वर्गात शिकवलं होतंच. पण शिकवलेलं आणि स्वतः उघडं पाडलेलं, यात फरक पडतो.

मग उपाय. तिनं एक यादी केली: काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा, अनुस्वार. शेवटचा तुकडा या यादीत सापडला तर एक घर मागे सरक, तिथं जे मिळेल ते खरं अक्षर. दोन आठवडे लागले. मधे तीन दिवस ती रुसून मांजराकडे फिरकलीच नाही. आता ‘आंबा’ म्हटलं की मांजर ‘ब’ म्हणतं आणि ‘बदक’ देतं. त्याला शब्द फार कमी येतात, आई त्याला दर वेळी हरवते आणि भलतीच खूश होते. प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

ही गोष्ट मी इतकी रेंगाळून सांगितली, कारण हा प्रश्न मराठीत विचार करणाऱ्या पोरालाच पडू शकतो. इंग्रजी ‘स्कूल’ची सहा अक्षरं मोजली की सहाच भरतात. कुठल्या कंपनीच्या 48 तासांच्या अभ्यासक्रमात ‘शाळा’ची चार अक्षरं का होतात हे येणार नाही, कारण तो अभ्यासक्रम मराठी पोरासाठी लिहिलेलाच नाही, वरचं नाव फक्त मराठीत घातलंय. तेही मीच टाइप केलं.

डिझाइनबद्दल थोडं. तो माझा धंदा, म्हणून बोलायचा हक्क थोडा जास्त. आपल्याकडच्या बॅनरवर 42 शुभेच्छुकांचे चेहरे बसवावे लागतात. ज्याचा वाढदिवस त्याचा चेहरा शोधावा लागतो. गिऱ्हाइकाला रिकामी जागा दिसली की वाटतं पैसे वाया गेले. मी लेकीला एकच काम दिलं: शाळेच्या हळदीकुंकवाची पाटी कर, आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे. पहिल्या पाटीवर तिनं सात रंग, चार फॉन्ट, फुलं, फुलपाखरं, सगळं ओतलं. छापून समोरच्या चहाच्या टपरीवर लावली आणि आम्ही स्टँडवरून बघितली. तिचं तिलाच वाचता येईना. दुसऱ्या पाटीत दोन रंग राहिले. तिसऱ्यात तारीख मोठी झाली, कारण टपरीवरच्या मावशींनी विचारलं होतं, “कधी आहे गं?” लोकांना आधी काय हवंय हे तिला मावशींकडून कळलं. मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, बापाचं कोण ऐकतं.

फॉन्टचंही तेच. विंडोजवरचा ‘मंगल’ र. कृ. जोशी या आपल्या अक्षरकारांनी आखला, मुंबईच्या ‘एक टाइप’च्या लोकांनी ‘मुक्त’ आणि ‘बालू’ करून सगळ्यांना फुकट दिले, हे सांगितल्यावर लेकीला पहिल्यांदा उमगलं की कॉम्प्युटरातली अक्षरं आपोआप उगवत नाहीत, ती कुणीतरी बसून काढतं. त्या रात्री तिनं स्वतःच्या नावाची तीन अक्षरं तीन तऱ्हांनी काढली. हल्ली माझ्याकडे गिऱ्हाईक एआयनं केलेलं पोस्टर घेऊन येतं, चित्र झकास असतं आणि ‘हार्दिक’मधला ‘र्दि’ कुठल्या लिपीतला आहे ते देव जाणे. तो चुकलाय हे ओळखणारं माणूस लागतंच. ते आपल्या शाळेतून तयार व्हायला काय हरकत आहे?

आता त्या नमुना वर्गाबद्दल. मागच्या महिन्यात कंपनीनं आपल्या शाळेत घेतला, पालक म्हणून मीही मागे बसलो होतो. शिकवायला आलेला मुलगा चांगला होता, त्याला दोष देत नाही. त्याला कागद दिलेला होता आणि त्यावर मिनिटं लिहिलेली होती. चाळीस मिनिटांत पोरांनी वीस टॅबवर वीस खेळ ‘बनवले’. वीसही खेळ सारखे. खेळ आधीच तयार होता, पोरांनी मांजराचा रंग बदलला आणि खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्यावर बोट ठेवलं. दुसरीतल्या एकानं विचारलं, “मांजर भिंतीतून आरपार का जातंय?” उत्तर आलं, “ते पुढच्या लेव्हलला.” त्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. त्यावर अख्खा तास घालवायला हवा होता. संध्याकाळी प्रत्येक पालकाच्या व्हॉट्सॲपवर ‘अभिनंदन, तुमच्या पाल्यानं पहिलं ॲप बनवलं’ असा निरोप आला. काही जणांनी तो स्टेटसला ठेवला. त्यांचा आनंद खरा होता, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

2020 च्या टाळेबंदीतल्या जाहिराती आठवत असतील. आठ-नऊ वर्षांची पोरं कोट्यधीश होताहेत आणि दारात गुंतवणूकदार भांडताहेत, अशा. तक्रारी झाल्या, काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. आपल्या फ्लेक्सवरचं रॉकेट त्याच खानदानातलं आहे.

कंपनीचा माणूस म्हणतो की आता सरकारनंच तिसरीपासून सक्तीचं केलंय. जे आहे ते असं: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कोडिंगचे उपक्रम आहेत ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं 2026-27 पासून तिसरीपासून पुढच्या वर्गांत एआय आणि संगणकीय विचार आणण्याचं जाहीर केलं. संगणकीय विचार म्हणजे कामाचे तुकडे पाडणं, नियम शोधणं, चूक हुडकणं. यासाठी वीस टॅब लागत नाहीत. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या मंडळींनी तर कॉम्प्युटरशिवाय, पत्ते आणि खडूनं हे शिकवायचे धडे लिहून फुकट वाटलेत.

आणखी एक. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. शाळेचा विकास आराखडाही समितीनंच करायचा. आपल्या समितीतल्या काकू आणि वहिनी बैठकीला येतात, सही करतात, ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून गप्प बसतात आणि घरी जाऊन न मोजता 169 ठिपके मांडतात. या ठरावावर सगळ्यात आधी त्यांना बोलू द्या.

मला कुणी म्हणेल, तुमचा धंदाच कॉम्प्युटरचा, तुम्हाला जमतं, शेतात राबणाऱ्या पालकानं काय करायचं? रास्त आहे. पण मला कोरल येतं, कोडिंग येत नव्हतं. लेकीबरोबरच शिकलो, अजून अडतो. शेजारी बसून ‘मला पण माहीत नाही, करून बघ’ म्हणणारं एक मोठं माणूस एवढंच लागलं. ते माणूस प्रत्येक घरात दुपारी रिकामं नसतं, हे खरं. म्हणून तर शाळेत बसायचं म्हणतोय.

माझं म्हणणं असं. ऑफिसशेजारच्या खोलीत दोन कॉम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवलेत. गुरुजींच्या परवानगीनं मी ते उघडून पाहिले. बिघडलेले नाहीत, म्हातारे झालेत. एसएसडी (वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम (मेमरी) घातली की धावतील. माझ्या दुकानाच्या भावानं दोन्हींचे मिळून सात-आठ हजार. वीज जाते म्हणून एक इन्व्हर्टर. चौकटीच्या वह्या, खडू, रांगोळी. सगळं धरून 25,000 च्या आत बसतं, आणि हे दर वर्षी नाही. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास मी येईन, फुकट. लग्नसराईत मला जमणार नाही, हे आत्ताच सांगतो. म्हणून माझ्याबरोबर आणखी एक-दोघं तयार व्हायला हवेत. चौथीच्या बाईंनी हो म्हटलंय. पहिली-दुसरीला पडदा नको, त्यांना अंगण आणि ठिपके पुरे. तिसरीपासून पुढे एका कॉम्प्युटरवर दोघं, त्याहून जास्त नाहीत. बाकीची पोरं तोवर वहीवर.

आणि एक नियम मी लेकीच्या सांगण्यावरून घालतोय: माउस दर दहा मिनिटांनी शेजारच्याच्या हातात गेलाच पाहिजे. नमुना वर्गात ज्या टॅबवर मुलगा-मुलगी अशी जोडी होती तिथं टॅब मुलाच्या मांडीवर होता आणि मुलगी बघत होती. मला ते दिसलं नव्हतं, तिला दिसलं. ती त्यातलीच एक होती.

एवढं करून वर्षभरानं समितीला वाटलं की आणखी कॉम्प्युटर हवेत, तर तेव्हा लोकवर्गणी काढू. पहिली पावती माझी फाडा, त्या फ्लेक्सचे पैसे अजून गल्ल्यात वेगळे ठेवलेत.

बैठकीत हे वाचून दाखवायला वेळ नसेल तर निदान एक करा. येत्या शनिवारी सकाळी साडेअकराला त्या खोलीत या. किल्ली गुरुजींकडे आहे, एक कॉम्प्युटर मी दुकानातून आणतो. आईही येणार आहे, मांजराला हरवायला. अध्यक्षांनी आपला एखादा अवघड शब्द डोक्यात ठेवून यावं. जोडाक्षर शेवटी असलेला मात्र नको, तिथं मांजर अजून चुकतं आणि लेकीनं ती दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीवर ढकललीय.

आपला,
चौथीतल्या एका मुलीचा बाप
(स्टँडसमोरचा डीटीपीवाला)